भट्टीची ज्योत आणि इंजिनिअरिंगची शाखा

प्रश्न : मी यावल तालुक्यातल्या एका गावात राहते, बारावी सायन्सला आहे. बाबांचा केळी वेफर्सचा धंदा आहे. सकाळी गॅसची भट्टी पेटवली की ज्योत स्वच्छ निळी असते. चार-पाच घाणे निघाले की ती टोकाला पिवळी पडते आणि कढईचं बूड काळं होतं. मग बाबा जेटमध्ये तार फिरवतात. हे बर्नर कसे बनवतात ते मला शिकायचंय, पण बर्नरचा वेगळा कोर्स कुठे दिसला नाही. घरचे म्हणतात, कॉम्प्युटर घे, मेकॅनिकल मुलींचं काम नाही. काय करू?

उत्तर : कोर्सचं नंतर बोलू. आधी तुमच्या भट्टीचं बोलू, कारण तू जे टिपलं आहेस तोच या क्षेत्रातला मुख्य प्रश्न आहे.

जेटच्या बारीक भोकातून गॅस जोरात सुटतो आणि आजूबाजूची हवा ओढत बर्नरच्या नळीत शिरतो. तुमच्या फिजिक्सच्या पुस्तकात बर्नोलीचं तत्त्व आहे: वेग वाढला की दाब कमी होतो. पण इथे मुख्य काम झोताच्या संवेगाचं (मोमेंटमचं) असतं. झोत आपला संवेग हवेला देतो आणि तिला सोबत घेऊन जातो. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन या वायूंचं मिश्रण. त्याचं एक घनफळ पूर्ण जळायला हवेची २४ ते ३१ घनफळं लागतात: प्रोपेन जास्त असेल तर २४ च्या जवळ, ब्युटेन जास्त असेल तर ३१ च्या. त्यातली साधारण निम्मी हवा नळीतच मिसळते, उरलेली ज्योत बाहेरून घेते.

भट्टी तापली की नळीही तापते. आतलं मिश्रण प्रसरण पावतं, त्याला बाहेर पडायला अडथळा वाढतो आणि झोत कमी हवा ओढतो. त्यात तेलाची वाफ आणि पीठकण हवेच्या तोंडाशी साचतात. सिलिंडरमध्ये प्रोपेन आधी उडतो, शेवटी ब्युटेनचं प्रमाण वाढतं आणि हवेची गरजही वाढते. हवा कमी पडली की कार्बनचे कण जळायचे राहतात. तेच तापून पिवळे चमकतात आणि कढईला काजळी होऊन चिकटतात. अशा वेळी विषारी कार्बन मोनॉक्साइडही वाढतो, म्हणून शेडमध्ये वारा खेळता ठेवणं फार गरजेचं आहे.

तारेबद्दल बाबांशी जरूर बोल. पितळी जेटचं भोक तारेने घासून मोठं होतं. व्यास १० टक्के वाढला तर त्याच दाबाला गॅस २१ टक्के जास्त येतो, पण झोताने ओढलेली हवा वाढते साधारण १० टक्केच. ज्योत मोठी दिसते, बाबांना वाटतं भट्टी सुधारली, आणि गॅस मात्र वाया जातो. जेट बिघडलं असेल तर त्याच मापाचं नवं बसवून घ्या, तेही माहीतगार मेकॅनिककडून. तू स्वतः जेट, रेग्युलेटर, नळी यांना हात लावू नकोस. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर जमिनीलगत साचून राहतो.

आता या कामाविषयी. हवा आधी मिसळून जळणारा बर्नर रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन आणि त्यांचे उपकरणकार देसागा यांनी १८५५ च्या सुमारास जर्मनीत हायडेलबर्गला तयार केला. तत्त्व आजही तेच आहे. मग नवीन डिझाइन करायला उरलं काय, असं कुणीही विचारेल. उत्तर असं की इंधन बदलतं. मिश्रण भोकातून बाहेर येण्याचा वेग आणि ज्योत मागे सरकण्याचा वेग यांचा मेळ बसला तरच ज्योत जागेवर टिकते. मिश्रण फार वेगात आलं तर ज्योत बर्नरवरून उचलली जाते, मंद आलं तर नळीत मागे शिरते. पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूला हवा लागते साधारण साडेनऊ पट, त्यामुळे एलपीजीची शेगडी त्यावर जशीच्या तशी चालत नाही, जेट बदलावं लागतं. गोबर गॅसमध्ये कार्बन डायऑक्साइड बराच असतो, त्याची ज्योत संथ असते आणि लगेच उचलली जाते. हायड्रोजनचं उलट: त्याची ज्योत मिथेनच्या कितीतरी पट वेगाने धावते, म्हणून ती नळीत शिरण्याची भीती मोठी. प्रत्येक इंधनाला भोकं, नळी, हवेचं तोंड पुन्हा आखावं लागतं, आणि ते करणारी माणसं लागतात.

हे काम कुठे मिळतं? पुण्यात बॉयलर आणि हीटर बनवणाऱ्या कंपन्या आहेत, थरमॅक्स त्यातलीच. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत शेगड्यांच्या बर्नरवर संशोधन झालं आहे, आयआयटी गुवाहाटीत सच्छिद्र बर्नरवर, म्हणजे बारीक छिद्रांच्या घन पदार्थात गॅस जाळणाऱ्या बर्नरवर. आयआयटी मद्रासमध्ये ज्वलन संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे. मात्र पदवी हातात पडली की लगेच डिझाइनच्या टेबलावर बसायला मिळेल असं समजू नकोस. सुरुवातीला बहुधा कारखान्यांत जाऊन बर्नर बसवणं, धुरातला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड मोजून हवा जुळवणं, असं काम असतं. माझ्या मते ही वर्षं कुणीच चुकवू नयेत. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्या मैत्रिणीपेक्षा कमी असू शकतो, हेही घरी मोकळेपणाने सांगून टाक.

शाखा मेकॅनिकल किंवा केमिकल. थर्मोडायनॅमिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स, हीट ट्रान्सफर हे तीन विषय ज्या शाखेत कसून शिकवले जातात, ती तुझी शाखा. एमएचटी-सीईटी नीट दे. मेकॅनिकल जळगावच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात आहे, शिरपूरला आहे. केमिकल शाखा जळगावच्या विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत आहे. चार वर्षांनी गेट ही प्रवेश परीक्षा देऊन ज्वलनात एम.टेक. करता येतं. कॉम्प्युटरशी तुझं वैर नाही, वायूच्या प्रवाहाचं गणित आज संगणकावरच सोडवतात. कोडिंग शिकच.

‘मुलींचं काम नाही’ हे मला अजिबात पटत नाही. खापरावर मांडे करताना आच कुठे कमी, कुठे जास्त, हे आपल्या खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या बायकाच ओळखत आल्या आहेत. साइटवरच्या सुरक्षिततेची आणि राहण्याची आईबाबांची काळजी मात्र खरी आहे. त्यावर चिडू नकोस. कॉलेज बघायला जाल तेव्हा त्यांना सोबत ने आणि तिथे मेकॅनिकलला शिकणाऱ्या मुलींशी त्यांची गाठ घालून दे.

बाबांसोबत एक मोजणी कर. दुकानातल्या काट्यावर सिलिंडर ठेवून वजन घ्या. २० लिटर पाणी झाकण ठेवून ३० वरून ९० अंशांपर्यंत तापवा, उकळू देऊ नका, आणि पुन्हा वजन करा. पाण्याने साधारण ५,००० किलोज्यूल घेतले. एक किलो एलपीजी सुमारे ४६,००० किलोज्यूल देतो. म्हणजे १६० ग्रॅम गॅस गेला तर कार्यक्षमता ६८ टक्के. घरगुती शेगडीसाठी भारतीय मानकाची किमान अट हीच आहे. २४० ग्रॅम गेला तर ती ४५ टक्क्यांच्या आसपास येते. मोजणी सकाळी गार भट्टीवर एकदा आणि दुपारी तापलेल्या भट्टीवर एकदा करा. दोन आकड्यांतला फरक महिन्याच्या सिलिंडरांच्या हिशेबात बसवून बाबांना दाखव, आणि शाखेचा विषय त्यानंतरच काढ.