वाहनकर्जाचा परवाना आणि घरातले टेबल

प्रश्न : मी कॅलिफोर्नियात वाहनकर्ज देणाऱ्या एका बिगर-बँक कंपनीच्या वसुली विभागात काम करते आणि आठवड्यातील तीन दिवस घरूनच काम करते. घरी एकही कागद छापायचा नाही, असे साहेबांनी नुकतेच बजावले. परवाना कंपनीचा असताना माझ्या घरातल्या टेबलाशी राज्याचा काय संबंध? शिवाय उन्हाळ्यात दोन महिने डॅलसला बहिणीकडे राहून हेच काम करता येईल का?
— एक वाचक

उत्तर : संबंध जुना आहे. अमेरिकेत अशा कंपन्यांना परवाना राज्य देते, आणि अनेक राज्यांत तो केवळ कंपनीपुरता नसून धंद्याच्या प्रत्येक जागेशी जोडलेला असतो, कारण तपासनिसाने दप्तर कोठे उघडायचे आणि तक्रारदाराने कोणाच्या दारात जायचे, हे ठरलेले असावे लागते. या हिशेबाने तुमचे घर म्हणजे विनापरवाना शाखाच ठरण्याची भीती होती. २०२०मध्ये करोनामुळे कार्यालये बंद झाली, तेव्हा अनेक राज्यांनी घरून काम करू देण्याची तात्पुरती सूट दिली; पुढे काहींनी कायदाच बदलला. कॅलिफोर्नियाने २०२२मध्ये आपल्या वित्तपुरवठा कायद्यात तशी दुरुस्ती केली.

ही मुभा सशर्त आहे. ग्राहकाला घरी भेटायला बोलावता येत नाही आणि एन्क्रिप्ट केलेले (म्हणजे किल्लीशिवाय माहिती वाचता येणार नाही असे सांकेतिक रूप दिलेले) उपकरण सोडून त्याची वैयक्तिक माहिती घरी ठेवता येत नाही. छापलेला कागद एन्क्रिप्ट होत नाही, म्हणून साहेबांचा हुकूम. ग्राहकाचा सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकेतील सरकारी ओळख क्रमांक) आणि थकलेले हप्ते असलेले एक पान घरच्या कचऱ्याच्या डब्यात गेले, की पुढे ते कोणाच्या हाती पडेल याचा हिशेब कंपनीला देता येत नाही. (साहेबांनी हे कारण सांगितले असते, तर हुकूम एवढा जाचक वाटला नसता.) संघराज्य पातळीवरील फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकसंरक्षण संस्थेचा माहिती-सुरक्षेचा नियमही अशा कंपन्यांना लागू आहे, पासवर्डखेरीज ओळखीचा दुसरा पुरावा मागण्याची त्यातील सक्ती जून २०२३पासून अमलात आली.

डॅलस टेक्सस राज्यात असल्याने ते प्रकरण वेगळे. कॅलिफोर्नियाची मुभा टेक्ससच्या नियमांची जागा घेऊ शकत नाही. वाहनविक्रीच्या वित्तपुरवठ्याचे परवाने तेथे कन्झ्युमर क्रेडिट कमिशनरचे कार्यालय देते. त्यामुळे कंपनीच्या अनुपालन (नियमपालन पाहणाऱ्या) विभागाची लेखी संमती हाती येईपर्यंत तिकीट काढू नये. संमती मिळालीच, तर घड्याळाकडेही लक्ष असू द्या. वसुलीचे फोन ग्राहकाच्या वेळेनुसार सकाळी ८ ते रात्री ९ या वेळेतच करावे लागतात आणि कॅलिफोर्नियात हे बंधन केवळ वसुली एजन्सीवर नव्हे, तर स्वतः कर्ज देणाऱ्या कंपनीवरही आहे. डॅलसला सकाळी ८ वाजता तुम्ही हेडफोन लावाल, तेव्हा कॅलिफोर्नियातील ग्राहकाकडे सकाळचे ६ वाजलेले असतील.