हप्ता विचारू नकोस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

गाडीच्या कर्जाचे तू पाठवलेले दोन्ही कागद चष्मा लावून नीट वाचले. शोरूमचा हप्ता १२,८७१, तुझ्या पगाराच्या बँकेचा १६,६०७, कर्ज दोन्हीकडे आठ लाख. त्यावरून ‘काका, शोरूम स्वस्त आहे’ असं तू लिहिलंस. शोरूमच्या कागदावर कोपऱ्यात बारीक अक्षरात ८४ महिने लिहिलंय, ते पाहिलंस का? बँकेने ६० धरलेत. दर दोघांचाही ९ टक्केच. पाच वर्षांत व्याज जाईल सुमारे १,९६,४००, सात वर्षांत २,८१,२००. म्हणजे हा हलका हप्ता तुला जवळपास ८५,००० रुपयांना पडतोय.

म्हणून शोरूममध्ये शिरल्यावर हप्ता विचारायचाच नाही. तू हप्ता विचारलास की तुला किती झेपतो हे त्यांना कळतं, आणि मग मुदत ताणून ते कुठलीही किंमत त्यात बसवतात. आधी ऑन-रोड किंमत, म्हणजे कर, नोंदणी, विमा सगळं धरून होणारी किंमत, लेखी घे. कर्जाचं नाव त्यानंतर.

आणखी एक. शोरूम स्वतः कर्ज देत नाही. तिथल्या फायनान्सच्या टेबलावरचा मुलगा कुठल्या तरी बँकेची किंवा फायनान्स कंपनीची फाइल करतो आणि त्यावर पेआउट, म्हणजे कमिशन, मिळवतो. त्यात गैर काही नाही, त्यालाही घर आहे. पण त्याने सुचवलेली बँक तुझ्यासाठी सर्वांत स्वस्त असेलच असं नाही, एवढं ध्यानात ठेव.

माझी फजिती सांगतो. उभा जन्म कर्जखात्यात काढलेला मी, पहिली गाडी घेताना दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी शोरूममध्ये सही करून मोकळा झालो. दर ऐकला तो आमच्या बँकेपेक्षा बराच कमी. तो फ्लॅट आहे, हे विचारायचं सुचलंच नाही. डोळ्यांपुढे मुहूर्त आणि झेंडूचा हार! फ्लॅट म्हणजे तू मुद्दल फेडत गेलीस तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच. आठ लाखांवर ६ टक्के फ्लॅट, पाच वर्षं: व्याज २,४०,०००, हप्ता १७,३३३. बँकेच्या घटत्या शिलकीच्या भाषेत, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरलं तर, हा दर पावणेअकराच्याही वर जातो. तुझी काकू अजून ऐकवते.

आता शोरूमच्या बाजूनेही बोलतो. कधी कधी त्यांचा दर खरोखरच कमी असतो, कारण गाडीची कंपनी स्वतः फरक सोसते. मात्र अशा वेळी रोख सूट गायब होते का, ते बघ. समज, ४०,००० सूट सोडली तर ९ ऐवजी ८ टक्के दर मिळतोय. ८ टक्क्यांनी आठ लाखांचे पाच वर्षांत ९,७३,००० भरशील. सूट घेऊन ७,६०,००० चं कर्ज ९ टक्क्यांनी काढलंस तर ९,४७,०००. जास्त दराचं कर्ज २६,००० नी स्वस्त! भल्याभल्यांना हे आधी पटत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्ज देणाऱ्याला मुख्य तथ्य पत्रक द्यावं लागतं. त्यात वार्षिक दर टक्केवारी, म्हणजे एपीआर, असतो. प्रोसेसिंग फी आणि कर्जासोबत चिकटवलेला विमा त्यात धरलेला असतो. दोन्हीकडून पत्रक माग, मुदत सारखी ठेवून तुलना कर. पत्रक द्यायला जो टाळाटाळ करेल, त्याच्याकडे परत जाऊ नकोस.

गाडीचा विमा मात्र त्या पत्रकात दिसत नाही. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा लागतोच, पण पॉलिसी शोरूमकडूनच घ्यावी अशी सक्ती नाही. बाहेरून कोटेशन आणून टेबलावर ठेवलंस की त्यांचाही आकडा खाली येतो.

बोनस आला की कर्ज लवकर फेडायचं म्हणतेस, तर दर फिक्स्ड (शेवटपर्यंत तोच) आहे की फ्लोटिंग (बदलता) ते विचार. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर झालेल्या, स्वतःसाठी घेतलेल्या फ्लोटिंग कर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घेता येत नाही. फिक्स्डला ते संरक्षण नाही, आणि गाडीची बरीच कर्जं फिक्स्ड असतात. दंड किती, ते सहीआधी वाच.

शोरूमवाल्याला ‘चार बँकांत लॉगिन करून बघतो’, म्हणजे तुझ्या नावाने चार ठिकाणी अर्ज टाकतो, असं करू देऊ नकोस. प्रत्येक चौकशी तुझ्या सिबिलवर, म्हणजे कर्जाच्या इतिहासाच्या नोंदीवर, उमटते. आधी तुझ्या बँकेचं मंजुरीपत्र हातात घे. बँक सॅलरी स्लिप, फॉर्म १६ मागेल, आठवडाभर खेळवेलही. सोस. ते पत्र दाखवून शोरूमला एवढंच विचार, ‘याहून कमी एपीआर देता का?’ दिला तर तिथून घे, मला आनंदच आहे.

आणि कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत आरसीवरचा बोजा उतरवायला विसरू नकोस. लोक विसरतात, आणि गाडी विकताना धावपळ करतात.

नवी कोटेशनं आली की फोटो पाठव. रविवारी दुपारी मी रिकामाच असतो.

तुझा,
काका