फॉलोअर आहेत, खेळणारे कुठे आहेत?

तुझं पत्र मिळालं. आठ महिने तुझ्या नव्या गेमबद्दल जवळजवळ रोज पोस्ट टाकून चारशे फॉलोअर झाले, आणि तरी गेमला कुणी विचारत नाही म्हणतोस. मी मुद्दाम तुझी फॉलोअरची यादी चाळली. निम्म्याहून जास्त लोक स्वतःच गेम बनवणारे आहेत. त्यात वाईट काही नाही, मीही त्यातलाच. पण शेडर (पडद्यावरचा रंग-प्रकाश ठरवणारा कोड) कसा लिहिला, बग कुठे दडला होता, हेच सांगत राहिलं की भोवती आपल्याच पेशातले लोक जमतात. ते पाठ थोपटतात, पण विकत घेतीलच असं नाही. त्यांच्याकडे स्वतःचाच अर्धवट गेम पडलेला असतो.

तुझ्या एकाही पोस्टखाली स्टीमच्या, म्हणजे गेम विकणाऱ्या त्या ऑनलाइन दुकानाच्या, पानाचा दुवा दिसला नाही, कारण पानच नाही. ‘गेम जरा आकाराला येऊ दे, मग उघडतो’ असं म्हणशील. पहिल्या गेमच्या वेळी मी अगदी हेच म्हणालो होतो. ‘कमिंग सून’ पान प्रकाशनाआधी किमान दोन आठवडे लोकांसमोर असावं असा स्टीमचा नियम आहे. मी बरोबर दोनच आठवडे ठेवलं. गेम आला आणि गेलासुद्धा, कुणाला पत्ता लागला नाही. त्याआधीची दोन वर्षं मी ज्यांना ज्यांना गेम दाखवला, त्यांच्याकडे ‘छान आहे’ म्हणून पुढे जाण्याखेरीज काही उरलंच नव्हतं.

विशलिस्टचं, म्हणजे ‘पुढे घ्यायचाय’ म्हणून स्टीमवर गेम नोंदवून ठेवायच्या यादीचं, महत्त्व इथे आहे. तुझी पोस्ट चारशेपैकी कितीजणांना दिसेल हे अल्गोरिदमच्या मर्जीवर. पण ज्यांनी गेम विशलिस्टमध्ये टाकलाय, त्यांना प्रकाशनाच्या दिवशी स्टीमच कळवतं, आणि पुढे तू 20 टक्के किंवा जास्त सवलत दिलीस की पुन्हा ईमेल जातो. म्हणून दोन-तीन लेव्हल दाखवण्याजोग्या झाल्या असतील तर पान उघडच. नोंदणीचे 100 डॉलर लागतात. गेमने 1000 डॉलरची कमाई केली की ते परत मिळतात. किमान पाच स्क्रीनशॉट हवेत, आणि ते खेळतानाचे असू देत. मेनूचे नकोत, कथेतल्या पात्रांचे मुखडे तर मुळीच नकोत.

आता कॅप्सूल, म्हणजे दुकानाच्या यादीत दिसणारं ते छोटं चित्र. 2024 या एका वर्षात स्टीमवर 18 हजारांहून जास्त गेम आले. त्या गर्दीत माणूस आधी तेवढं चित्र बघतो, पटलं तरच आत शिरतो. त्यावर पुरस्कारांची चिन्हं किंवा समीक्षकांची वाक्यं चिकटवायला 2022 पासून बंदी आहे, त्यामुळे नाव आणि चित्र यांनाच सगळं काम करावं लागतं. तू प्रोग्रामर आहेस, चित्रकार नाहीस (रागावू नकोस). खर्च करायचाच तर जाहिरातीवर नको, इथे कर.

व्हिडिओंबद्दल एवढंच, की आवाज बंद ठेवून, गेमबद्दल काही माहीत नसलेल्या माणसाला पहिल्या तीन सेकंदांत ‘इथे खेळाडू काय करतो’ हे कळलं पाहिजे. तुझ्या ट्रेलरमध्ये ती तीन सेकंदं तुझ्या लोगोने खाल्ली आहेत.

डेमोची घाई मात्र करू नकोस. नेक्स्ट फेस्ट, म्हणजे स्टीमवरचा येणाऱ्या गेमच्या डेमोंचा उत्सव, वर्षातून तीनदा होतो, पण एका गेमला त्यात एकदाच भाग घेता येतो. प्रकाशनाच्या अगदी आधीचा फेस्ट धर. तोवर गेमचे तुकडे इच डॉट आयओ (itch.io) या छोट्या गेमच्या साइटवर टाक, अनोळखी लोक कुठे अडखळतात ते बघ. ‘अंडरटेल’ हा गेम 2015 मध्ये आला, त्याचा डेमो 2013 पासून लोकांच्या हातात होता. लोक शितावरून भाताची परीक्षा करणारच, तेव्हा शीत तरी शिजलेलं असू दे. ‘अमंग अस’चं उदाहरण तू दिलंस: 2018 चा गेम, 2020 मध्ये स्ट्रीमरमुळे उसळला. धीर धरायला ते ठीक आहे. त्यावर योजना आखायची म्हणजे पावसाच्या भरवशावर विहीर न खणण्यासारखं.

स्ट्रीमरना जरूर लिही, पण तुझ्याच प्रकारचे गेम खेळणाऱ्या छोट्या चॅनेलना. चार ओळी, एक जिफ, एक ‘की’ (गेम फुकट उघडून देणारा कोड), बस्स. आणि डेमो बाहेर पडताच तुलाच ईमेल येऊ लागतील: ‘मोठा चॅनेल आहे, पाच ‘की’ पाठव.’ बरेचसे भामटे असतात, त्या ‘की’ विकून मोकळे होतात. ईमेलचा पत्ता चॅनेलच्या स्वतःच्या पानावरच्या पत्त्याशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहा.

मित्रांना फुकट ‘की’ वाटून रिव्ह्यू लिहून घ्यायचा तुझा बेतही सोडून दे. स्टीमवर 10 रिव्ह्यू झाल्याशिवाय एकूण मत दिसत नाही हे खरं, पण त्या मतात स्टीमवरून विकत घेणाऱ्यांचेच रिव्ह्यू धरतात. डिस्कॉर्डचं, म्हणजे चाहत्यांच्या गप्पांसाठी ऑनलाइन खोली उघडायचं, नंतर बोलू. रिकाम्या खोलीत दिवा लावून बसायची आत्ता गरज नाही.

पुढच्या पत्रासोबत कॅप्सूलचा कच्चा मसुदा पाठव, अंगठ्याच्या नखाएवढा लहान करून. मी तो फोनवरच उघडणार आहे.