ताईचा अभ्यास, भावाच्या तक्त्यावर

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

सकाळी शाळेत शॅडो टीचर (वर्गात एकाच मुलाला मदत करणारी शिक्षिका) म्हणून एका मुलाच्या शेजारी बसायचे, दुपारनंतर १९ वर्षांच्या स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) भावाला सांभाळायचे आणि रात्री घर शांत झाल्यावर स्वमग्नतेवरचा ऑनलाइन, अर्धवेळ अभ्यासक्रम करायचा, असा तुझा बेत, आणि त्यासाठी कोणता अभ्यासक्रम निवडू हा तुझा प्रश्न, पत्रातून कळला. पूर्णवेळ शिकणे शक्य नाही म्हणून हे दुय्यम शिक्षण पत्करते आहे, असेही तू लिहिले आहेस. बेत मला पसंत आहे. ‘दुय्यम’ हा शब्द मात्र मुळीच मान्य नाही. मंगळवारी रात्री वाचलेले बुधवारी सकाळी ज्याच्याजवळ बसून पडताळता येते, असे माणूस तुझ्या घरातही आहे आणि शाळेतही. वसतिगृहात राहून पूर्णवेळ शिकणाऱ्यांना ही सोय सहसा मिळत नाही.

माझी एक चूक तुला सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्या वर्गात सात वर्षांचा एक मुलगा होता. “पाणी हवंय का?” असे विचारले की तोही “पाणी हवंय का?” असेच म्हणत असे. ही नुसती पोपटपंची आहे आणि ती मोडून काढली पाहिजे, असे मला शिकवले गेले होते. त्यामुळे जवळजवळ दोन वर्षे मी ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प करत राहिले. पुढे संध्याकाळच्या एका अर्धवेळ वर्गात बॅरी प्रिझँट आणि जूडिथ डकन या वाचा-भाषा तज्ज्ञांचे १९८१ सालचे संशोधन अभ्यासाला आले. ऐकलेले वाक्य पुन्हा उच्चारण्यातून स्वमग्न मूल कधी होकार देते, कधी काही मागते, कधी बोलण्यातली आपली पाळी सांभाळते, तर कधी स्वतःला सावरते, असे त्यांनी बारकाईने नोंदवून दाखवले होते. दुसऱ्याच दिवशी तो मुलगा माठाजवळ उभा राहून, कोणी काही विचारलेले नसताना, “पाणी हवंय का?” असे म्हणाला. मी फुलपात्र भरून पुढे केले, आणि ते त्याने एका दमात रिकामे केले. तो दोन वर्षे माझ्याकडे पाणी मागत होता. तो पाठ मला परीक्षेपुरता शिकायला मिळाला असता तर पाच गुणांचे उत्तर लिहून मी मोकळी झाले असते. वर्गात ते मूल समोर होते म्हणूनच तो पाठ आजवर पुसला गेला नाही.

तू निवडशील तो अभ्यासक्रम बहुधा इंग्रजीत असेल, आणि त्यातली उदाहरणे परक्या घरांतली असतील. ती आपल्या घरात आणून बसवण्याचे काम तुलाच करावे लागेल, आणि ते वाटते त्यापेक्षा अवघड आहे. उदाहरणार्थ, स्वमग्न मुले सर्वनामांची अदलाबदल करतात, ‘मी’च्या जागी ‘तू’ म्हणतात, असे धड्यात असेल. मराठीत सर्वनाम गाळले तरी चालते, कारण कर्ता क्रियापदाच्या शेवटावरूनच कळतो. त्यामुळे आपले मूल दमल्यावर नुसते “दमलास” म्हणते आणि ऐकणाऱ्याला वाटते की ते आपली विचारपूस करते आहे. नजरेचेही तसेच. मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणे हा ज्या घरांत आदर मानला जातो, तिथे ‘डोळ्याला डोळा देत नाही’ या निरीक्षणाचे वजन करताना चार वेळा थांबावे लागते. अशा जागा सापडल्या की त्या लिहून ठेव. मराठीत हे फार थोड्या ठिकाणी लिहिले गेले आहे.

आपला ‘स्वमग्न’ हा शब्दही मला पुरता पटत नाही. स्वतःतच बुडालेला, असा त्याचा अर्थ होतो. माझ्याकडे आलेली बहुतेक मुले मात्र आपल्यापर्यंत पोहोचण्यासाठी धडपडत होती. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश अभ्यासकाने २०१२ साली मांडले की न समजण्याची ही दरी दुहेरी आहे: स्वमग्न व्यक्तीला इतरांचे कळत नाही, तसे इतरांनाही तिचे कळत नाही. अभ्यासक्रम निवडताना त्यात शिकवणारी किंवा तो रचणारी एखादी तरी स्वमग्न व्यक्ती आहे का, हे मी सर्वांत आधी पाहते. पूर्ण बरे करण्याचे आश्वासन देणारा अभ्यासक्रम तिथेच सोडून द्यावा. स्वमग्नता हा बरा करण्याचा आजार नव्हे.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते. तुला समज हवी आहे की पात्रता, हे आधी ठरव, कारण दोन्हींचे रस्ते वेगळे आहेत. भारतीय पुनर्वास परिषद ही दिव्यांगांसोबत काम करणाऱ्यांचे प्रशिक्षण आणि नोंदणी पाहणारी संस्था; तिच्या १९९२ च्या कायद्यानुसार दिव्यांग मुलांचे विशेष शिक्षक म्हणून काम करायचे तर परिषदेकडे नोंदणी लागते, आणि ती परिषदेने मान्य केलेल्या अभ्यासक्रमानंतरच मिळते. अशा अभ्यासक्रमात मुलांसोबतचा प्रत्यक्ष सराव असतो. तो पडद्यावर होत नाही आणि होऊही नये. पैसे भरण्यापूर्वी संस्थेचे नाव परिषदेच्या यादीत स्वतः शोध, जाहिरातीतल्या शब्दावर विसंबू नकोस. परदेशी विद्यापीठाचे प्रमाणपत्र कितीही चांगले असले तरी तेवढ्यावर इथली नोंदणी मिळत नाही. सामान्य शाळांत प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली सांगितले आहे. तेव्हा नोकरीच्या दृष्टीने दोन-तीन वर्षांत ही पात्रता मिळवावीस, असे मला वाटते.

यंदा मात्र समजेपासून आरंभ कर. ब्रिटनमधल्या ओपन युनिव्हर्सिटीचा ‘अंडरस्टँडिंग ऑटिझम’ हा मोफत अभ्यासक्रम २४ तासांचा आहे. आठवड्याला तीन तास दिलेस तर दोन महिन्यांत संपेल, आणि रात्रीचा अभ्यास झेपतो की नाही हेही एक रुपया न घालवता कळेल. त्याहून सखोल हवे असेल तर बर्मिंगहॅम विद्यापीठ बरीच वर्षे स्वमग्नतेचे शिक्षण दूरस्थ पद्धतीने देत आले आहे, पण तिथले शुल्क आपल्या घरांना जड जाते. जागतिक आरोग्य संघटनेचे पालक-कौशल्य प्रशिक्षण २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांसाठी आहे. शाळेतल्या मुलासाठी ते तुझ्या उपयोगी पडेल, भावासाठी फारसे नाही.

भावाच्या वयाचा मुद्दा इथेच येतो. पुष्कळ अभ्यासक्रम बालपणाशी थांबतात, जणू स्वमग्नता दहावीनंतर संपते. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ज्या अकरा स्वमग्न मुलांचे वर्णन केले, त्यांतला पहिला, डोनाल्ड ट्रिपलेट, मोठेपणी अमेरिकेतल्या आपल्या छोट्या गावी बँकेत नोकरी करत राहिला, गोल्फ खेळला, देशोदेशी फिरला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. त्याला सामावून घेणारे गावही त्या आयुष्याच्या मागे होते. तेव्हा विषयसूचीत प्रौढपण, काम, मैत्री, आरोग्य यांवरचे धडे आहेत का ते पाहा. कायद्याची बाजू कोणताही परदेशी अभ्यासक्रम शिकवणार नाही. ती इथेच समजून घ्यावी लागेल. १८ वर्षे पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, आणि राष्ट्रीय न्यास या, स्वमग्न आणि इतर काही दिव्यांग व्यक्तींसाठीच्या, सरकारी संस्थेच्या १९९९ च्या कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. तुझा भाऊ किती निर्णय स्वतः घेऊ शकतो, हे आधी शांतपणे पाहा आणि मगच त्या वाटेला जा.

अभ्यासासाठी एक दोनशे पानी वही कर आणि प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मार. डावीकडे फक्त दिसले आणि ऐकू आले तेच लिही, उजवीकडे तुझा अंदाज. ‘चिडला’ हा शब्द उजवीकडचा आहे. ‘मिक्सर सुरू झाला, दोन्ही हात कानांवर नेले, तीन मिनिटांनी गॅलरीत जाऊन उभा राहिला’, हे डावीकडचे. पहिले महिनाभर उजवी बाजू भरण्याची घाई होते आणि डावी रिकामी राहते; माझेही तसेच झाले होते. भावाचे मोबाइलवरचे चित्रण मात्र सहाध्यायांना दाखवू नकोस. अवघड क्षणी कोणी आपले चित्रण करून अनोळखी लोकांपुढे ठेवावे, हे तुलाही चालणार नाही. आणि त्याला विचारता येईल अशा रीतीने, चित्रकार्ड दाखवून का होईना, त्याला विचारल्याशिवाय ते करण्याचा हक्क बहिणीलाही नाही.

वेळेविषयी एवढेच सांगते की झोप कापून अभ्यास करू नकोस. आठवड्यातून दोन संध्याकाळी आईला किंवा मावशीला भावाजवळ बसायला सांग आणि तेवढाच अभ्यास कर. सत्राची परीक्षा आणि घरातले आजारपण एकदम आले, तर मुदत वाढवून माग. पालक आणि काळजीवाहकांसाठी आखलेल्या अभ्यासक्रमांत ती सहसा मिळते, फक्त आधी कळवावे लागते.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच नव्हती: हा बदल भावाला कसा कळवणार. तू रोज संध्याकाळी सात वाजता त्याच्याबरोबर कोडी जुळवतेस. अभ्यासाच्या दोन संध्याकाळी, समजा सोमवारी आणि गुरुवारी, त्या वेळी तू लॅपटॉप घेऊन दार लावून घेतलेस, तर त्याच्या दिवसातला एक खांब न सांगता काढल्यासारखे होईल, आणि मग दारावर धक्के बसले तर तो त्याचा दोष नसेल. त्याच्या भिंतीवरच्या दिनक्रमाच्या तक्त्यावर ‘ताईचा अभ्यास’ असे नवे चित्रकार्ड लाव: तुझा लॅपटॉपसमोर बसलेला फोटो, खाली सुरू होण्याची आणि संपण्याची वेळ, आणि लगेच पुढचे कार्ड कोड्यांचे. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी दहा-बारा दिवस आधीपासून ते कार्ड तिथे असू दे, आणि त्या दोन संध्याकाळी काही शिकायचे नसले तरी तेवढा वेळ आत जाऊन बस. ठरलेल्या वेळी बाहेर ये, धडा अर्धा राहिला तरी.

वहीचे पहिले पान लिहून झाले की त्याचा फोटो मला पाठव. डावी बाजू आधी वाचीन.

तुझी,
बाई