ढोलकीसाठी कोणता जुना सॅम्पलर?

प्रश्न : ढोलकीच्या थापा सॅम्पल करण्यासाठी, म्हणजे मुद्रित करून पुन्हा हव्या तशा वाजवण्यासाठी, ई-म्यू कंपनीचा एसपी-१२०० हा सॅम्पलर घ्यावा की अकाई कंपनीचा एमपीसी-६०? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दोन्ही यंत्रे १२ बिटांचीच आहेत, म्हणजे ध्वनी साठवण्याची बारकाई दोन्हींत सारखीच. १९८७ च्या एसपी-१२०० चा सॅम्पलिंग दर (ध्वनी सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो) सुमारे २६ किलोहर्ट्झ असल्याने त्याच्या निम्म्याहून, म्हणजे १३ किलोहर्ट्झहून, उंच ध्वनी त्यात उमटत नाही. त्यामुळे डाव्या पुडीचा घुमारा भरदार येतो, पण उजवीची धार बोथट होते, आणि सूर खाली उतरवल्यास येणारी खरखर मला मनापासून आवडते. मात्र एका सॅम्पलला जेमतेम अडीच सेकंद मिळतात, म्हणजे संथ लयीतले आवर्तन त्यात मावत नाही. रॉजर लिन यांनी घडवलेला एमपीसी-६० हा ४० किलोहर्ट्झचा असल्याने उजवीची धार अधिक टिकते, म्हणून ढोलकीसाठी तोच घ्यावा. खरेदीपूर्वी सॅम्पल साठवण्याचा फ्लॉपी ड्राइव्ह समोर चालवून पाहावा.