अमेरिकेतली साउथवेस्ट कॉन्फरन्स का बंद पडली?

मूळ कारण टीव्हीचा पैसा. १९१४ साली सुरू झालेली ही कॉलेज-क्रीडा संघटना १९९६ मध्ये संपली. १९८४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या प्रक्षेपणावरची एनसीएएची (कॉलेज-खेळांचं नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची) मक्तेदारी मोडली आणि मोठा प्रेक्षकवर्ग असलेल्या संघांचा भाव वधारला. १९९१ मध्ये आर्कान्सा विद्यापीठ बाहेर पडल्यावर उरलेली आठही विद्यापीठं टेक्सासचीच. एका राज्यापुरत्या प्रेक्षकांवर मोठा करार मिळणं कठीणच.

त्याआधी अब्रूही गेली होती. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाच्या १३ फुटबॉल खेळाडूंना नियम मोडून गुपचूप, महिना ५० ते ७२५ डॉलर मिळत. शिक्षा म्हणून या विद्यापीठाचा १९८७ चा अख्खा फुटबॉल हंगाम रद्द झाला.

शेवटी टेक्सास, टेक्सास ए अँड एम, टेक्सास टेक, बेलर ही विद्यापीठं बिग ट्वेल्व्ह या दुसऱ्या संघटनेत गेली. राइस, टीसीयू (टेक्सास ख्रिश्चन), सदर्न मेथडिस्ट आणि ह्यूस्टन मागे राहिली. खरा अन्याय त्यांच्यावर झाला.