गॅलरीतून दिसलेला रेघांचा पक्षी रोझफिंच आहे का?

मुलुंडला टेकडीकडच्या गॅलरीतून चिमणीएवढा, छातीवर रेघा असलेला तपकिरी पक्षी दिसला, ती रोझफिंचची मादी असेल का, असं तुम्ही विचारलंय. असू शकते. मुलुंडला लागून असलेल्या संजय गांधी नॅशनल पार्कच्या कडेला हिवाळ्यात हा दाणे खाणारा छोटा स्थलांतरित पाहुणा अधूनमधून सापडतो. फक्त गुलाबी रंग शोधत बसू नका. लाल डोकं-छाती पूर्ण वाढलेल्या नराचीच. पहिल्या वर्षाचे नर मादीसारखेच तपकिरी असतात.

आधी चेहरा पाहा. रोझफिंचच्या मादीला भुवई, म्हणजे डोळ्यावरची फिकट रेघ, नसते. कोऱ्या चेहऱ्यात काळा टपोरा डोळा उठून दिसतो. चोच जाड, आखूड, वरची कड गोलसर. पंखावर दोन फिकट पट्टे, शेपटीच्या टोकाला खाच. हे सगळं एकत्र जुळलं तरच नाव द्या, कारण फसवणारे बरेच आहेत. चिमणीच्या मादीला डोळ्यामागे फिकट भुवई असते आणि छाती साधी. सुगरणीलाही भुवई असते, शेपटी आखूड. तिच्यातली रेघांच्या छातीची जात पाणकणिसात राहते, टेकडीवर नाही. तीरचिमणीची (पिपिट) छाती रेघांची खरी, पण चोच बारीक आणि बसल्यावर शेपटी खालीवर हलते. लाल मुनियाचा नर लाल असला तरी फार लहान, अंगावर पांढरे ठिपके. दुकानात ‘फिंच’ म्हणून विकतात तो झेब्रा फिंच. गॅलरीत दिसलाच तर पिंजऱ्यातून सुटलेला समजा.

सूर्योदयानंतरचे दोन तास घाणेरीची झुडपं आणि बी धरलेलं गवत न्याहाळा. सोसायटीच्या माळ्याला मागचा गवताचा पट्टा मार्चपर्यंत कापू नका म्हणून सांगता आलं, तर फार बरं होईल. वर चढत जाणारी, प्रश्न विचारल्यासारखी ‘तुई?’ शीळ ऐकू आली की तिकडे दुर्बीण वळवा.

गॅलरीत धान्य ठेवू नका. मुंबईत त्यावर कबुतरंच येतात आणि लहान पक्षी फिरकत नाहीत. पाणी ठेवा: पसरट मातीची थाळी, पाणी दोन-तीन सेंटिमीटर, मध्ये एक खडबडीत दगड. पाणी रोज बदला आणि थाळी घासूनच भरा. डेंग्यूच्या डासांची अंडी काठाला चिकटून राहतात, नुसतं ओतून जात नाहीत.

पुढच्या वेळी फोटो बाजूने घ्या, चोच आणि पंख दोन्ही दिसतील असा. उजेड पक्ष्यामागे असेल तर कॅमेऱ्याचं एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा, नाहीतर नेमका चेहराच काळा येतो.